आकाशाची सनद

एखादे राज्य बुडाले म्हणजे त्याच्यासाठी रडणारे आणि त्याला हसणारे असे दोन वर्ग ताबडतोब तयार होतात, आणि त्या राज्याचे दप्तर उघडून पाहण्याची गरज दोघांपैकी कोणासच फारशी भासत नाही. सुदानात महंमद अहमद नावाच्या फकिराने १८८१ साली ज्याची मुहूर्तमेढ रोवली, १८८५ साली खार्तूम घेऊन ज्याची राजसत्ता प्रस्थापित केली, आणि १८९८ च्या सप्टेंबरात किचनेरच्या तोफांपुढे ज्याचा चक्काचूर झाला, त्या महदीच्या राज्याची हीच गत झालेली आहे. हसणाऱ्यांशी आमचे भांडण जुने आहे. ते आम्ही थोडक्यात आटोपणार आहो. आमचा खरा वाद आहे तो रडणाऱ्यांशी. कारण ते आमच्या जवळचे आहेत, बहुश्रुत आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे सहसा कोणी तपासून पाहात नाही.

हसणाऱ्यांचे म्हणणे असे की, महदीचे राज्य म्हणजे रानटी धर्मवेडाचा एक झटका होता. गॉर्डनसारख्या साधुपुरुषाचा त्यात बळी पडला आणि अखेर सुधारणेचा जय झाला. इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्यांनी सुदान पाहिला तो इंग्रजी पुस्तकांच्या कपाटातून, आणि त्या कपाटात ठळकपणे मांडून ठेवलेली पुस्तके होती ती महदीच्या कैदेतून सुटलेल्या युरोपियनांची. फादर ओहर्वाल्डर १८९१ साली निसटला, त्याचे पुस्तक १८९२ साली निघाले. स्लाटिन १८९५ साली पळाला, त्याचे पुस्तक १८९६ साली, म्हणजे नेमके स्वारी निघण्याच्या वर्षी प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तकांना इंग्रजी वेष चढविणारा गृहस्थ एकच, आणि तो म्हणजे इजिप्तच्या सैन्यातील हेरखात्याचा मुख्य विंगेट! बंदिवानाचे दुःख खरे असते, पण ते कोणाच्या लेखणीतून उतरले आहे इकडे वाचकाने लक्ष द्यावयास नको काय? पी. एम. होल्ट या इतिहासकाराने १९५८ साली मूळ अरबी दप्तरे चाळून या वाङ्मयावर युद्धप्रचाराचा शिक्का मारला, तेव्हापासून तरी शहाण्या माणसाने ते आंधळेपणाने वाचू नये. हसणाऱ्यांस एवढे उत्तर पुरे आहे.

आता रडणाऱ्यांचे म्हणणे पाहू. ते म्हणतात: परकीयांच्या जुलमाविरुद्ध उठलेले हे एक स्वदेशी राज्य होते, जगातील एकाही सत्तेने त्यास मान्यता दिली नाही, सर्वांनी वाळीत टाकून, उपाशी मारून, अखेर मॅक्झिम तोफांनी ते भाजून काढले. मान्यता मिळती आणि शेजारी सुखाने राहू देते, तर आफ्रिकेच्या मध्यभागी एक स्वतंत्र, न्यायी राज्य नांदले असते! परदास्य भोगलेल्या देशातील माणसास हे म्हणणे गोड लागावे यात नवल नाही. आम्हांसही ते गोड लागले असते. पण घटना आड येतात.

प्रथम या राज्याच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे मोकळ्या मनाने बोलू. १८२०-२१ मध्ये इजिप्तच्या महंमद अलीने सुदान जिंकला तेव्हापासून त्या देशावर 'तुर्कांचे' राज्य होते. कर वसूल करावयास बाशीबझुक शिपाई येत आणि पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक हे त्यांचे वसुलीचे मुख्य साधन असे. वरिष्ठ जागा परक्यांना, आणि वरिष्ठांतही वरिष्ठ जागा पुढे पुढे युरोपियन ख्रिस्त्यांना! अशा वेळी दोंगोला प्रांतातील नावा बांधणाऱ्या घराण्यात १८४४ साली जन्मलेला एक विरक्त मनुष्य श्वेत नाईलमधील आबा बेटावर तप करीत बसला होता. गुरूच्या घरच्या थाटामाटाच्या सोहळ्यावर टीका करून त्याने गुरूचा रोष ओढवून घेतला होता, आणि ठिगळे लावलेली कफनी हाच त्याचा पोशाख होता. २९ जून १८८१ रोजी त्याने जाहीर केले की, युगाच्या अखेरीस पृथ्वीवर न्याय भरण्याकरिता यावयाचा जो महदी, तो मीच. त्यास पकडावयास आलेली तुकडी आबा बेटावर कापली गेली. पुढे १८८३ च्या जानेवारीत अल-ओबेद पडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हिक्स पाशाची सुमारे दहा हजारांची फौज शायकानच्या रानात जवळजवळ निःशेष झाली. आणि २६ जानेवारी १८८५ रोजी पहाटे खार्तूम पडून गॉर्डन मारला गेला. त्याला सोडविण्यास निघालेल्या बोटी दोन दिवस उशिरा आल्या. काठ्या आणि भाले घेऊन उठलेल्या माणसांनी चार वर्षांत एक साम्राज्य उलथविले. हा पराक्रम नव्हे असे कोण म्हणेल? महदीने लग्नातील उधळपट्टी बंद केली, देजाची रक्कम मर्यादित केली, लूट व्यक्तीची नसून 'बैतुलमाला'ची, म्हणजे सार्वजनिक खजिन्याची, असा नियम घातला. गरिबास हे राज्य आपले वाटले ते उगाच नव्हे.

पण मान्यतेचे काय? रडणाऱ्यांच्या सर्व कैफियतीचा पाया येथे आहे, आणि तो पायाच भुसभुशीत आहे. १८८४ साली गॉर्डन खार्तूमला आला तेव्हा त्याने महदीस कोर्दोफानचा सुलतान म्हणून मानण्याची तयारी दाखविली व सन्मानाचा पोशाख पाठविला. हे पूर्ण राजमान्यतेचे दान नव्हते हे कबूल. त्यात धूर्तपणा होता हेही कबूल. पण वाटाघाटीचे दार उघडावयास याहून अधिक काय लागते? महदीने पोशाख परत केला. मला सुलतानपदाची गरज नाही, मी ईश्वराने नेमलेला महदी आहे, असे त्याने कळविले, आणि उलट गॉर्डनलाच ठिगळांची कफनी पाठवून इस्लाम स्वीकारण्याचे आमंत्रण दिले. हे उत्तर बाणेदार आहे, नाटकात शोभून दिसेल. परंतु राज्य चालविणाऱ्या माणसाचे हे उत्तर नव्हे. ज्याची सनद आकाशातून आली आहे त्यास पृथ्वीवरील दरबारची सनद घेणे म्हणजे आपल्या मूळ सनदेचा अपमान करणे होय!

कोणी म्हणेल, गॉर्डन इंग्रजांचा माणूस, त्याच्याशी कोण बोलेल? बरे, इंग्रज सोडा. उस्मानी सुलतान तर मुसलमानांचा खलीफा होता ना? पण महदीच्या मताने, जो त्यास मानीत नाही तो मुसलमान असूनही काफर. तुर्क तर पहिल्या प्रतीचे काफर. लिबियातील सनुसी पंथाच्या प्रमुखास महदीने आपल्या चार खलीफांपैकी एकाची जागा देऊ केली. त्या थोर धर्मपुरुषाने ती पत्करली नाही. २२ जून १८८५ रोजी, खार्तूम घेतल्यानंतर पाच महिनेही झाले नाहीत तो, महदी ओम्दुर्मान येथे आजाराने वारला. त्याचा वारस खलीफा अब्दुल्लाही याने १८८७ साली एकाच सुमारास तीन पत्रे पाठविली: एक राणी व्हिक्टोरियास, एक इजिप्तच्या खेदिवास, एक सुलतान अब्दुल हमीदास. तिन्हींचे सार एकच, की महदीवर श्रद्धा ठेवा. यास परराष्ट्रव्यवहार म्हणावयाचे असेल तर शब्दकोशच बदलावा लागेल. ज्याने आपल्या दारावर 'आत या आणि शिष्य व्हा' एवढीच पाटी लावली, त्याच्याकडे कोणी पाहुणा म्हणून आले नाही अशी तक्रार त्याच्या वतीने आपण का करावी?

आमच्या मते सर्वांत करुण प्रकरण हबशी देशाचे आहे, आणि रडणाऱ्यांनी रडावयाचेच असेल तर येथे रडावे. हबसाणचा सम्राट योहान्नेस हा स्वतः कडवा ख्रिस्ती. पण तांबड्या समुद्राच्या काठी इटालियनांनी मसावा घेतले तेव्हा त्यास पुढचे दिसू लागले. महदीपंथी सैन्याने १८८८ साली त्याचे गोंदर शहर लुटून जाळले होते, तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने त्या सैन्याचा सेनापती अबू अंजा यास लिहिले की, आपण दोघे लढून गरिबांचे प्राण घेण्यात अर्थ नाही. खरे शत्रू युरोपियन आहेत, ते दोघांसही गिळतील. ज्याचे नगर जाळले त्याने पुढे केलेला हा हात! उत्तर आले ते शिवीगाळीचे आणि धर्मांतराच्या मागणीचे. ९ मार्च १८८९ रोजी गल्लाबातच्या रणांगणावर योहान्नेस गोळी लागून पडला आणि त्याचे शिर ओम्दुर्मानला मिरविले गेले. महदीपंथीयांनी विजयोत्सव केला. त्या विजयात त्यांच्या उत्तम फौजेची चाळण झाली, हबसाण दुबळा झाला, आणि मसाव्यातील इटालियन आरामात आत सरकले. पुढे १८९६ साली मेनेलिकने अदुवा येथे इटालियनांचा धुव्वा उडविला, त्या अर्थी हबशांची मैत्री केवढ्या मोलाची होती हे सांगावयास नको. योहान्नेसाच्या पत्रात कोणता साम्राज्यवादी कावा होता, ते आमच्या मित्रांनी आम्हांस समजावून सांगावे. मान्यता मागावयास शेजारी दाराशी आला होता. मान्यता नाकारली ती ओम्दुर्मानने.

शेजाऱ्यास जो मानीत नाही तो आपल्या प्रजेस तरी काय म्हणून मानील? इतिहासप्रसिद्ध चारही धर्मशास्त्र-परंपरा महदीने रद्द केल्या, सूफी पंथ बरखास्त केले, कुराण आणि काही मोजके ग्रंथ सोडून पुस्तके जाळविली, आणि मक्केची यात्रासुद्धा थांबविली. लक्षात घ्यावे की, हा सारा मार बसला तो मुसलमानांवर. जुन्या काझीपाशी निदान एक पोथी असे. सुलतानाचा हुकूम चुकीचा आहे असे त्याला पोथीचा आधार देऊन सांगता येत असे. पोथी गेली आणि तिच्या जागी दृष्टान्त आला. पैगंबर दर्शन देऊन मला असे सांगून गेले, एवढे म्हटले की वाद संपला. खलीफा अब्दुल्लाहीविषयी तर महदीने १८८३ सालीच जाहीरनामा काढून ठेवला होता की, त्याच्यावर टीका ती माझ्यावर टीका. महदीच्या पश्चात अब्दुल्लाहीलाही दृष्टान्त होऊ लागले, आणि ते नेहमी त्याच्या सोयीचे असत!

या व्यवस्थेचे फळ काय झाले? महदीचे स्वतःचे नातलग, ज्यांना 'अश्राफ' म्हणत, ते १८९१ साली बंड करून उठले. समेट झाला, माफी दिली गेली, आणि मग एकेकास उचलण्यात आले. महदीचा नातेवाईक व चार खलीफांतील एक असा जो महंमद शरीफ, तोही बेड्यांत पडला. नदीकाठच्या लोकांवर विश्वास नाही म्हणून अब्दुल्लाहीने आपली तआइशा ही गुराखी जमात पश्चिमेकडून जबरदस्तीने राजधानीत आणविली. या हजारो माणसांनी नांगर धरला नाही. त्यांना सरकारी कोठारातून धान्य पुरविले गेले, आणि ते आले तेही कोणत्या साली? हिजरी सन १३०६, म्हणजे १८८८-८९, ज्याला सुदानी लोक 'सहाचे साल' म्हणून पुढे पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले, त्या भयंकर दुष्काळात! पाऊस नव्हता हा ईश्वरी कोप मानू. पण पेरणाऱ्या हातात भाला देऊन हबसाणवर आणि इजिप्तवर एकाच वर्षी स्वाऱ्या केल्या हा कोणाचा कोप? इजिप्त जिंकण्यास निघालेला नुजूमी हा या राज्याचा सर्वांत निष्ठावान सेनापती. त्याची माणसे आणि बायकामुले वाळवंटात भुकेने गळत गळत सरहद्दीपलीकडे तोष्कीला पोचली, आणि ३ ऑगस्ट १८८९ रोजी तेथे त्याच्यासह कापली गेली. त्या उपाशी लष्करास माघारी बोलाविणे शक्य नव्हते काय? होते, पण माघार घ्यावयाची म्हणजे विजयाचे जे ईश्वरी वचन वारंवार डिंडिम पिटून सांगितले होते, ते मागे घ्यावे लागते.

इब्राहीम अदलान याची हकीकत आमच्या वाचकांतील कारकुनी पेशाच्या गृहस्थांस विशेष कळेल. हा बैतुलमालाचा प्रमुख, हिशेबात चोख, कर्तबगार. दुष्काळात शेतकऱ्यांकडून धान्य उकळण्यास त्यास जझीरा प्रांतात पाठविले. तेथे त्याने हात सैल सोडला. १८९० साली त्यास फाशी देण्यात आले. सर्वोच्च काझीच्या जागेवर बसलेले दोन पुरुष एकापाठोपाठ तुरुंगात मेले. गल्लाबातचा विजयी वीर झाकी तमाल हाही कैदेत उपासमारीने मेला. या माणसांपैकी एकही काफर नव्हता, एकही इंग्रजांचा हेर नव्हता. हिशेब, न्याय आणि तलवार या राज्याच्या तीनही आधारांवर राज्यकर्त्याने स्वतः कुऱ्हाड चालविली, आणि तरीही आमचे मित्र म्हणतात की हे राज्य बाहेरच्यांनी पाडले.

बाहेरच्यांचे पाप आम्ही झाकून ठेवीत नाही. १८९६ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी दोंगोलावर स्वारी करण्याचे ठरविले ते सुदानी जनतेच्या कळवळ्याने नव्हे. अदुवाला इटालियनांची फजिती झाली होती, फ्रेंचांचा डोळा नाईलवर होता, आणि गॉर्डनचा सूड हे लोकांस चेतविण्यास सोयीचे निशाण होते. दुष्काळात लोक मेले तेव्हा हा कळवळा कोठे होता? या युद्धाची झळ आपल्याकडेही पोचली आहे. २२ मार्च १८८५ रोजी सुआकीनजवळ तोफ्रेकच्या काटेरी कुंपणात मुंबई इलाख्याची २८ वी पलटण शिखांच्या व बंगालच्या पलटणीबरोबर महदीच्या अन्सारांशी झुंजली. आणि १८९६ साली सुआकीनच्या बंदोबस्तास पुन्हा हिंदी फौज गेली, तेव्हा तिचा नेहमीचा पगार खुद्द हिंदुस्थान सरकार नको म्हणत असताही हिंदुस्थानच्या तिजोरीवर लादण्यात आला. कोकणातील व देशावरील रयतेचा सुदानशी काय संबंध होता, हे पार्लमेंटाने सांगितले नाही. २ सप्टेंबर १८९८ रोजी कररी येथे सकाळच्या काही तासांत सुमारे अकरा हजार सुदानी पडले आणि किचनेरच्या बाजूस पन्नासाच्या आतच माणसे मेली. त्यानंतर महदीची कबर फोडून त्याची हाडे नदीत फेकण्यात आली. या कृत्याचा धिक्कार त्या स्वारीत हजर असलेल्या तरुण चर्चिलनेही केला. तेव्हा आम्ही तो निराळा करण्याचे कारण नाही.

परंतु त्या अकरा हजारांवर गोळ्या झाडणारे हात कोणाचे होते हेही पाहावे. किचनेरच्या सुमारे पंचवीस हजार फौजेत निम्म्याहून कितीतरी अधिक इजिप्तचे व सुदानचेच लोक होते. नाईलच्या उजव्या काठाने त्याच्याबरोबर चालून आले ते जआलियीन अरब. ही जमात एके काळी महदीची पाठीराखी होती. १८९७ च्या जुलैत खलीफाने त्यांना मतम्मा गाव रिकामे करण्याचा हुकूम दिला. त्यांनी ऐकले नाही, तेव्हा खलीफाच्या फौजेने तेथे कत्तल केली. ज्यांची बायकापोरे आपण कापली, ते पुढल्या वर्षी शत्रूच्या छावणीत दिसले तर त्याचे खापर मॅक्झिम तोफेवर फोडणे हे इतिहासाचे काम नव्हे.

आमच्या या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. जुलमी राजे सगळीकडे झाले. त्यात धर्माच्या सनदेचा काय दोष? आमचे उत्तर असे की, सामान्य जुलमी राजास तह करता येतो. लढाई हरला तर एक प्रांत देऊन तो दुसरा वाचवितो. प्रधान चुकला म्हणून सांगून हुकूम फिरवितो. त्याचा मुलगा बापाची रीत मोडतो. ज्याने आपला प्रत्येक हुकूम ईश्वराच्या नावाने काढला, त्याला यांपैकी एकही वाट मोकळी राहत नाही. त्याची सरहद्द म्हणजे आज पोचलेली तात्पुरती जागा, त्याचा शेजारी म्हणजे उद्याचा शिष्य किंवा उद्याचे प्रेत, आणि त्याचा टीकाकार म्हणजे पाखंडी. २०१४ साली मोसुलमध्ये खिलाफत पुकारणाऱ्यांनी हेच केले. इराक व सीरिया यांमधील सरहद्दीचा बांध बुलडोझरने फोडून त्याची चित्रे त्यांनी जगभर दाखविली. त्यांनाही कोणी मान्यता दिली नाही आणि त्यांनीही कोणाची मागितली नाही. आणि त्यांच्या हातून प्रथम व सर्वांत अधिक मेले ते त्या दोन देशांचेच लोक, बहुतांशी मुसलमान. २०१९ च्या मार्चमध्ये बागूझ गावी त्यांच्या ताब्यातील अखेरची जमीन गेली. महदी आणि हे लोक एकाच मापाचे, असे आम्ही म्हणत नाही. महदीच्या मागे खरोखरीचा एक पीडित देश उभा होता, आणि त्याच्या वैयक्तिक साधेपणाविषयी त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती. म्हणूनच त्याचे उदाहरण अधिक विचार करण्याजोगे आहे.

अब्दुल्लाहीच्या मरणाविषयी मात्र त्यास त्याचे देणे देऊन टाकू. कररीनंतर वर्षभर तो कोर्दोफानच्या रानात भटकला. २४ नोव्हेंबर १८९९ रोजी उम्म दिवैकरात येथे विंगेटच्या फौजेने गाठले तेव्हा तो पळाला नाही. मेंढीचे कातडे जमिनीवर पसरून, अमीरांस डाव्या-उजव्या हातास घेऊन तो बसला आणि तेथेच गोळ्यांनी मेला.

महदीच्या मरणानंतर काही दिवसांनी त्यास एक मुलगा झाला होता. अब्दुर्रहमान त्याचे नाव. या मुलाने इंग्रजांशी जुळवून घेतले, कापसाच्या शेतीवर संपत्ती मिळविली, बापाच्या अन्सारांस पुन्हा एकत्र केले, आणि १९४५ साली त्यांच्या बळावर उम्मा नावाचा राजकीय पक्ष उभारला. फोडलेली कबर १९४७ साली त्यानेच पुन्हा बांधली. त्याचा नातू, म्हणजे महदीचा पणतू, सादिक अल-महदी हा ऑक्सफर्डमध्ये शिकला आणि सुदानचा पंतप्रधान दोन वेळा झाला, तो दृष्टान्ताने नव्हे, मतपेटीने. १९८३ साली निमेरी या लष्करशहाने शरीयतीचे कायदे पुकारले तेव्हा सादिकने ते खऱ्या धर्मास सोडून आहेत असे उघड सांगितले आणि तुरुंग पत्करला. १९८६ साली लोकांनी त्यास पुन्हा निवडले. ३० जून १९८९ रोजी लष्कराने त्याचे सरकार उलथविले. त्या लष्करामागे उभा असलेला आणि देशात पुन्हा ईश्वरी राज्य आणू पाहणारा हसन अल-तुराबी हा सादिकच्या बहिणीचा नवरा होता.